गायरानाचे सुशोभीकरण

५ जून २०२५, गुरुवार

प्रारंभीच क्षमा मागते. ज्यांच्या आयुष्यात काही घडते अशा माणसांनी दैनंदिनी लिहावी. माझ्यासारखीने लेखणी उचलणे हे धारिष्ट्यच होय. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या या हुलगेवाडीच्या मराठी शाळेत मी पहिली येत असे, निपाणीच्या महाविद्यालयातही पहिली आले, बेळगावात वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि सध्या अक्काताई आत्याच्या घरी नेमणुकीची वाट पाहत बसले आहे. माझे चरित्र इथे संपते. तरीही आज लिहिते, कारण आज मला चारचौघांत बोलायचे होते आणि बोलता आले नाही.

आज पर्यावरण दिन. गावच्या मराठी तरुण मंडळाने गायरानात फुलांचे बी फेकले. मंडळाचे अध्यक्ष परशरामकाका बावन्न वर्षांचे आहेत. मंडळाचे नाव बदलावे की अध्यक्ष, याचा निर्णय बरीच वर्षे प्रलंबित आहे. ते गेल्या वर्षी एका लग्नासाठी पुण्याकडे गेले होते.

“डोंगरच्या डोंगर केशरी!” ते सांगत होते. “माणसं गाड्या थांबवून फोटो काढत्यात. आणि आपल्या गायरानात काय हाय? गवात!”

त्यांनी ‘गवात’ हा शब्द असा उच्चारला, की मारवेल, पवना आणि कुसळी यांनी आजवर गावाची काही फसवणूक केली असावी. या तीन गवतांवर गावच्या सगळ्या म्हशी जगतात. आत्याच्या दोन्हीही.

पाकिटावरचे चित्र पाहताच मी ओळखले. कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा, बागेसाठी आणलेला आणि बागेचे कुंपण न मानणारा. पुरुषभर उंच वाढतो, गवताचे ऊन अडवतो; आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. मी धीर एकवटून म्हटले, “काका, ही वनस्पती मूळची इथली नव्हे.”

“म्हणूनच तर आणली गं!” काका म्हणाले. “इथलं काय कोण बघाय येतंय?”

सगळे हसले. मीही हसले, माझे ते हसणे अकारण होते. मग काकांनी फलकासाठी माहिती लिहून मागितली. “तू लई छान लिवतीस. शास्त्रीय नाव बी घाल. वजन पडतंय.”

माझ्या लेखनाचे गावात कोणीतरी कौतुक केले, याचा आनंद झाला, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

९ जून, सोमवार

मजकूर चार पाने झाला. थेट विरोध करणे वडीलधाऱ्यांशी उद्धटपणाचे ठरले असते. म्हणून पहिल्या वाक्यात फुलांच्या सौंदर्याचे वर्णन केले आणि दुसरे वाक्य ‘तथापि’ या शब्दाने सुरू करून उरलेल्या पानांत ही वनस्पती गवताळ रानाचा नाश कसा करते, ते सविस्तर आणि सौम्यपणे मांडले. विनयाने सांगितलेली गोष्ट अधिक खोल रुजते, अशी माझी श्रद्धा आहे.

१३ जून, शुक्रवार

फलक लागला. “निसर्गाने मुक्तहस्ते उधळलेल्या सुवर्णकेशरी पुष्पवैभवाचे हे पठार पाहणाऱ्याच्या नेत्रांचे पारणे फेडते.” खाली माझे नाव, स्वरूपा, पदवीसह.

‘तथापि’च्या आधी फलक संपला. पत्र्याला जागा नव्हती, असे काका म्हणाले.

१७ जून, मंगळवार

केशरी रंगाची बातमी पंचायत सदस्य आण्णाप्पांना कळली. ते गावातल्या कन्नड संघाचे प्रमुख. त्यांची सासुरवाडी महाराष्ट्रातल्या कागलकडची असल्यामुळे घरात ते मराठीच बोलतात. परशरामकाका मराठीचे कट्टर अभिमानी असले तरी शिव्या मात्र कानडीतच देतात, कारण त्या तोंडात नीट बसतात असे त्यांचे मत आहे. दोघे रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितात आणि त्यानंतर दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत.

आण्णाप्पांनी चिकोडीहून कन्नड झेंड्याच्या रंगांचे, पिवळे आणि तांबडे बी आणले. गायरान साऱ्या गावाचे, तिथे एकच रंग का, असा त्यांचा प्रश्न. तो न्याय्य होता. त्यांनी दुप्पट बी फेकले.

त्यांची मुलगी मंजुश्री माझी महाविद्यालयातली मैत्रीण. दुपारी धावतच आली. “अय्य, स्वरूपा, तुझा तो फलक दे गं. आप्पांनी कानडी फलक लिहायला सांगितलंय, मला काय सुचत न्हाय.”

तिने माझे वाक्य कानडीत आणले आणि ‘सुवर्णकेशरी’तून ‘केशरी’ काढून टाकले. आता गायरानाच्या दोन टोकांना दोन फलक आहेत. दोन्ही गट आपापला फलक अधिक साहित्यिक आहे, असे मानतात.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज गायरान बंद झाले. गावची जुनी रीत आहे: नागपंचमीला वाटेवर काटेरी फांदी आडवी टाकायची, आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एकाही जनावराने आत पाऊल ठेवायचे नाही. गवत मोकळेपणी वाढते, फुलते, बी टाकते. पाडव्याला सजवलेल्या म्हशी आत सोडल्या, की रान सुटते. ज्याने ही रीत घातली त्याला गवत कळत होते.

परंतु यंदा मनुष्यभर उंच होऊ पाहणारा पाहुणा गवतात उभा आहे, आणि आम्ही त्याच्या रक्षणासाठी फांदी आडवी टाकून आलो. फांदी टाकली नसती तरी फार फरक पडला नसता: म्हशींनी गवत खाल्ले असते आणि त्याला सोडले असते, म्हणजे म्हशीच त्याच्या माळी झाल्या असत्या. दार बंद केले तरी त्याचा लाभ, उघडले तरी त्याचाच. हे मी दोन्ही गटांना सांगण्याचे ठरवले होते. वाटेवर गर्दी होती.

तांबडे बी उगवले नाही. आण्णाप्पांच्या मते यात राजकारण आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

गायरान फुलले. इतके सुंदर दिसते की मला लाज वाटली. उत्तरेकडून केशरी, दक्षिणेकडून पिवळे, आणि मध्ये दोघांची सरमिसळ.

त्या सरमिसळीत काही फुले अशी निघाली, की त्यांना पिवळे म्हणावे तर केशरी दिसतात आणि केशरी म्हणावे तर पिवळी. पाकिटांतले बी शुद्ध नसते, इतकाच त्याचा अर्थ. परंतु ती कोणाच्या बाजूला मोजायची, यावर पंचायतीत बैठक झाली आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावले. चाळीस माणसे माझ्याकडे पाहत होती. संधी आयती आली होती: रंगाचा प्रश्न गौण आहे, खाली गवत मरते आहे, एवढेच म्हणायचे होते.

“बोल की पोरी,” काका म्हणाले.

“हळदीसारखं दिसतंय, म्हंजे आमचं,” आण्णाप्पा म्हणाले.

“हळद कुणाची रं? सांगलीची!”

मी म्हणाले, “या विषयावर अधिक अभ्यास आवश्यक आहे.”

दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना आण्णाप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “बिनबाजूचं बोलली बघा. अशी माणसं न्हाईत आता.”

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

निपाणी, गडहिंग्लज, चिकोडीकडून माणसे येतात. मुली फुलांत बसतात, तरुण त्यांना बसायला सांगतात. परतताना प्रत्येकीच्या साडीच्या काठाला आणि प्रत्येकाच्या पायजम्याला काळ्या सुईसारखे बी चिकटलेले असते. सर्वांत आधी फुललेली झाडे आता पिकू लागली आहेत. मी वाटेवर उभी राहून कोणाला म्हणू शकले असते, की ताई, काठ झटकून जा. एका बाईच्या मागे दहा पावले गेलेही. तिला वाटले मला फोटो काढून हवा आहे. तिने काढला. चांगला आला आहे.

झुडपे बाजूला सारून खाली पाहिले. मारवेल अजून जिवंत आहे, पण पांढुरकी, विरळ, आजारी माणसाच्या केसांसारखी. बहुतेक झाडांना अजून फूलच आहे, बी नाही. महिनाभरात ती उपटली तर पुढच्या वर्षी थोडकी उगवतील, आणि मुळे शाबूत असलेले गवत पुन्हा डोके वर काढील. एकदा सर्व बी मातीत गेले, की मग या गावात म्हैस पाळायची ती चित्रातच.

सायंकाळी बातमी आली, की दोन्ही गटांचे एकमत झाले आहे. एकमत! माझ्या जन्मापासून या गावात तसे झाल्याचे स्मरत नाही. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एका गटाचा उत्सव असतो आणि दुसऱ्याचा निषेध; दोघांनाही त्या दिवशी मागे आपापल्या रंगाचा माळ हवा आहे. म्हणून यंदा पाडव्याला रान सुटणार नाही. एक तारखेपर्यंत जनावरांना बंदी.

त्याच सुमारास बी गळते. हे मी दोघांनाही लगेच पत्राने कळवले. काकांनी पत्र मंडळाच्या कपाटात जपून ठेवले आहे. अक्षर मुलांना दाखवायला उपयोगी पडेल म्हणाले.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

म्हशींना घासून, शिंगे रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रीतीप्रमाणे मिरवत गायरानाच्या वाटेपर्यंत नेले. वाटेवर दोन्ही गट खांद्याला खांदा लावून उभे होते. आत्याची थोरली म्हैस, चांदी, हिने बारा पाडवे पाहिले आहेत. तिला बंदीचा ठराव कळवलेला नव्हता. ती परशरामकाका आणि आण्णाप्पा यांच्यामधून सरळ आत गेली.

“अगं, धर तिला! नासधूस करील!”

“अक्काताई, म्हस आवर!”

“मी कशाला आवरू?” आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. “तिचं रान हाय. तुमीच आवरा की. मोठं अध्यक्ष दोघं.”

सगळ्या गावाने मोबाईल वर केले. चांदी फुलांत शिरली, थांबली, एका झाडाचा वास घेतला, शिंकली. पुढच्या झाडाचा घेतला. मान खाली घालून बुंध्याशी गवत शोधले. अशी ती माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, एका फुलाला, एका पानाला तिने तोंड लावले नाही, आणि उपाशीच परत आली.

मला वाटले, आता बोलण्याची आवश्यकता उरली नाही. सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

काकांनी चांदीला हात जोडले. “मुकं जनावर! पण केशरीला तोंड लावलं न्हाय. मान ठेवला!”

“पिवळ्याला लावलं काय?” आण्णाप्पा म्हणाले. “तिला बी कळतंय, माणसांस्नी कळंना.”

चांदीला दोन हार घातले गेले. झेंडूचे होते. ते तिने जागेवरच खाल्ले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्याने चांदीला विकायचे ठरवले आहे. चिकोडीच्या बाजारातला व्यापारी मंगळवारी येतो आहे. रान बंद झाल्यापासून विकतची वैरण चालू आहे, आणि पाडव्यानंतरही ती दोघींना घालणे परवडत नाही. धाकटी दुभती आहे, म्हणून ती राहील.

मी म्हटले, “आत्या, गायरान मोकळं झालं तर?”

“कवा?”

“झाडं आताच काढली तर लगेच. खाली गवत आहे, मी पाहिलं आहे.”

“मग सांग की जाऊन त्येस्नी.”

“मी पत्र लिहिलं होतं.”

आत्या चुलीतले लाकूड पुढे सारत राहिली. “तुझं पत्र म्हंजे कसं असतंय ठावं हाय? घरात आग लागलीया, आणि तू दारात हुबी राहून ‘सर्वांस नमस्कार’ म्हणाय लागलीस.” मग म्हणाली, “बारा वर्सं व्हती. व्यापारी बरा दिसतुया. कापणार न्हाय म्हणाला.”

व्यापाऱ्याने तसे सांगितले आहे, तेव्हा त्या बाबतीत चिंता नसावी. आत्या जेवली नाही. तिचे पोट बिघडले असावे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी परशरामकाकांकडे गेले. पाठ करून गेले होते. “काका, केशरी झाडे उपटली पाहिजेत,” एवढे एक वाक्य.

त्यांनी ते ऐकले. चहाचा कप खाली ठेवला. “आणि पिवळी?”

“तीही.”

“आधी त्येंची उपटू द्यात. मग बघू.”

तिथून आण्णाप्पांकडे. त्यांचे उत्तर मला शब्दशः लिहिण्याची गरज नाही, कारण ते वर लिहिलेलेच आहे. फक्त त्यांनी चहाबरोबर चकलीही दिली.

परतताना मंजुश्री वाटेपर्यंत पोहोचवायला आली. तिलाही चांदीचे कळले होते. “आमच्या आप्पांना स्वतःचं एक झाड उपटा म्हटलं तर रडतील,” ती म्हणाली. “काकांचं उपटा म्हटलं तर? चप्पल न घालता पळतील बघ.”

ती विनोदाने बोलली. मी थांबले. पुष्कळ वेळ थांबले असावे, कारण तिने मला हलवले.

तर्क असा. कोणताही गट स्वतःचा रंग उपटणार नाही. प्रत्येक गट दुसऱ्याचा रंग आनंदाने, विनामूल्य आणि मुळासकट उपटेल. माळावर दोनच रंग आहेत. हे गणित आम्हाला सातवीला होते.

दोन गट एकाच वेळी माळावर भेटले तर काय होईल, याची भीती वाटते. म्हणून एका गटाला सकाळ आणि दुसऱ्याला दुपार सुचवावी. दोहोंस शास्त्रीय आधार आहे: सकाळी दवाने माती भुसभुशीत असल्यामुळे मूळ सहज निघते, दुपारी दव नसल्यामुळे उपटलेले झाड लवकर वाळते. दुपारी येणाऱ्यांना आपला रंग सकाळीच गेलेला दिसेल, हे खरे. त्यांचा त्वेष त्यामुळे वाढेल. कामाच्या दृष्टीने ते हिताचेच. सकाळी आलेल्यांनी तोवर घरी जाऊन जेवून झोपलेले असणे आवश्यक आहे. उद्या रविवार आहे, घरोघरी मटण असते. ती बाजूही भक्कम आहे.

मी लबाडी करते आहे काय? या प्रश्नाचा मी गंभीरपणे विचार केला. दोन्ही मजकुरांत एकही असत्य शब्द नाही. प्रत्येकास अर्धेच सत्य सांगितले जाईल, परंतु दोघांची अर्धी मिळून पूर्णच होते. पूर्ण सत्य मी चार पानांत लिहिले होते, तेव्हा पत्र्याला जागा नव्हती.

मंजुश्रीने कानडी मजकूर तपासून दिला. वाचताना ती पायरीवर बसली. “अय्यय्यो! तू उद्या इलेक्शनला उभी राहा गं. दोन्ही पॅनल तुलाच मत देतील.”

मी तिला समजावले, की चार माणसांसमोर माझा आवाजही फुटत नाही, मी निवडणुकीला कशी उभी राहणार. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कारण कळले नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आत्या गोठ्यात आहे. चांदीला नेहमीपेक्षा जास्त वेळ घासते आहे.

मजकूर शेवटचा तपासला. मराठी तरुण मंडळाच्या मोबाईल गटासाठी असा:

“स.न.वि.वि. गायरानातील पिवळ्या फुलांची झाडे येत्या काही दिवसांत बी टाकतील. ती आज सकाळीच मुळासकट उपटून नष्ट न केल्यास पुढील वर्षी संपूर्ण गायरानावर त्यांचेच राज्य असेल, ही बाब वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने नम्रपणे निदर्शनास आणते. एखाद्या फुलाच्या रंगाविषयी शंका आल्यास ते आपले नव्हे असे समजून उपटावे. आपली, स्वरूपा.”

कन्नड संघाच्या गटासाठी हाच मजकूर कानडीत. ‘पिवळ्या’च्या जागी ‘केशरी’, ‘सकाळी’च्या जागी ‘दुपारी’, आणि मंडळातल्यांची जेवणे उरकत आली की, म्हणजे बरोबर बाराला, मंजुश्री तो आपल्या मोबाईलवरून माझ्या नावाने टाकील. ‘तथापि’ हा शब्द दोन्हींत कोठेही नाही.

बोट बराच वेळ काचेवर ठेवून बसले होते. मग गोठ्यातून आत्याचा आवाज आला. ती चांदीशी काहीतरी बोलत होती, आणि चांदी ऐकत होती.

पाठवले. रविवार, दिनांक २६ ऑक्टोबर २०२५, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे.